स्कोलिओसिस: एक्स-रे, ईओएस, थ्रीडी स्कॅन, कुठली तपासणी कधी करायची आणि तिथे काय विचारायचं

मुलीच्या किंवा मुलाच्या पाठीला बाक आहे, स्कोलिओसिस आहे असं एकदा डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या आठ दिवसांत एवढे नवे शब्द कानावर पडतात की काही सुचत नाही. कॉब अँगल, होल स्पाइन, रिसर, ईओएस, टोपोग्राफी, एमआरआय, थ्रीडी स्कॅन. वर नातेवाईकांचे सल्ले आणि यूट्यूब असतंच. माझी मुलगी सातवीत असताना आम्हाला कळलं, आता ती कॉलेजला आहे आणि ब्रेस, म्हणजे कर्व्ह रोखायला अंगावर घालायचा प्लास्टिकचा पट्टा, सुटलाय. मधल्या काळात डॉक्टर, टेक्निशियन, ऑर्थोटिस्ट (ब्रेस बनवणारे तज्ज्ञ), फिजिओ यांना विचारून विचारून जे समजत गेलं ते क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, उपचार काय करायचे ते तुमचे स्पाइनचे डॉक्टर ठरवतील. पण कुठलं मशीन काय दाखवतं आणि काय दाखवूच शकत नाही हे पालकांना माहीत असलं की पैसे वाचतात, हेलपाटे वाचतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांच्या अंगावर विनाकारण जाणारे एक्स-रे वाचतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. एका मशीनचा आकडा दुसऱ्या मशीनच्या आकड्याशी लावून "वाढलं" किंवा "कमी झालं" असं ठरवू नका.

१. आधी थ्रीडी कशाला लागतं ते समजून घ्या

बाहेरून बघताना वाटतं की कणा फक्त डावीकडे किंवा उजवीकडे वाकलाय. तसं नसतं. तो बाजूला वाकतो, त्याच वेळी मणके स्वतःभोवती फिरतात, आणि बाजूने बघितलं तर पाठीचा नॉर्मल बाकही बदलतो, बऱ्याच मुलांची वरची पाठ उलट सपाट होते. गोल जिन्याच्या पायऱ्या जशा वर जाताना वळत जातात तसं काहीसं होतं. मणके फिरले की त्यांना जोडलेल्या बरगड्याही फिरतात, म्हणून वाकल्यावर एका बाजूला उंचवटा दिसतो आणि एका खांद्याचं पातं जास्त बाहेर येतं.

साधा एक्स-रे म्हणजे या सगळ्याची एका बाजूने पडलेली सावली. त्यावर जो कोन मोजतात तो कॉब अँगल, अमेरिकेतले ऑर्थोपेडिक डॉक्टर जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडलेली पद्धत, आणि आजही बहुतेक निर्णय मुख्यतः याच कोनावर होतात. १० डिग्री किंवा जास्त असेल तर स्कोलिओसिस म्हणतात. साधारण २५ ते ४० मध्ये आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेसचा विचार होतो, ४५-५० च्या पुढे सर्जरीची चर्चा सुरू होते. पण मणका किती फिरलाय हे कॉब अँगल सांगत नाही. दोन मुलींचा कॉब अगदी सेम ३० असू शकतो, आणि एकीची पाठ कपड्यातून कळतही नाही तर दुसरीचा उंचवटा लांबून दिसतो. ही राहिलेली माहिती मिळवायला थ्रीडीचे वेगवेगळे प्रकार आलेत. काही आतल्या हाडांचं मॉडेल बनवतात, काही फक्त बाहेरच्या पाठीचा आकार मोजतात, आणि हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं जातं.

२. घरची नोंद आजच सुरू करा

याला पैसे लागत नाहीत, रेडिएशन नाही, आणि डॉक्टरांना याचा खरोखर उपयोग होतो. पुढे वाकवून बघायची टेस्ट विल्यम अॅडम्स या इंग्लिश सर्जनने १८६५ साली सांगितलेली, अजून तीच चालते. मुलीला अनवाणी उभं करायचं, पावलं जुळवलेली, गुडघे सरळ, दोन्ही तळवे एकमेकांना जोडून हात खाली सोडायचे आणि हळूहळू पुढे वाकायला सांगायचं. तुम्ही मागे बसून पाठीच्या लेव्हलला डोळे आणून बघा. आधी वरची पाठ दिसते, अजून वाकली की मधली, मग कंबर. कुठे एक बाजू वर येते ते लक्षात ठेवा.

आकडा हवा असेल तर स्कोलिओमीटर मिळतो, लेव्हल बघायच्या पट्टीचं छोटं उपकरण आहे, आणि फोनमध्येही त्याची अॅप आहेत. फोन वापरताना थेट पाठीवर सपाट ठेवू नका, मधे मणक्यांची टोकं लागतात आणि फोन डुगडुगतो. दोन्ही अंगठे फोनच्या खाली, मणक्याच्या दोन बाजूंना ठेवा, म्हणजे मधे जागा राहते. वरून खाली सावकाश सरकवत या आणि सगळ्यात जास्त आकडा कुठे आला तो लिहा. साधारण ५ ते ७ डिग्रीच्या पुढे असेल तर डॉक्टरांना दाखवायचं असं धरतात. हा आकडा पाठीच्या फिरण्याचा आहे, कॉब अँगल नाही, त्यामुळे "घरी ७ आलं आणि एक्स-रेत २२ कसं" असा गोंधळ करून घेऊ नका.

महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजलं तर तुम्हालाही टेन्शन आणि पोरीलाही. सोबत उंची लिहा, आणि मुलगी असेल तर पाळी कधी सुरू झाली तो महिना आणि वर्ष लिहून ठेवा, प्रत्येक ओपीडीत हे पहिल्यांदा विचारतात कारण वाढ किती शिल्लक आहे याचा तो अंदाज असतो.

३. पहिला एक्स-रे नीट काढून घ्या

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिठ्ठीवर "होल स्पाइन, स्टँडिंग, पीए आणि लॅटरल" असं स्पष्ट हवं. होल स्पाइन म्हणजे मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत एकाच फ्रेममध्ये. बऱ्याच छोट्या सेंटरला एवढी लांब प्लेट नसते, ते दोन-तीन फोटो काढून कॉम्प्युटरवर जोडतात, त्याला स्टिचिंग म्हणतात, ते चालतं. पण काही ठिकाणी "डॉर्सल" (पाठ) आणि "लंबर" (कंबर) असे दोन वेगळे एक्स-रे काढून हातात देतात. एका सेंटरला आमच्या बाबतीत हेच झालं, आणि कर्व्हचं, म्हणजे कण्याच्या बाकाचं, वरचं टोक एका फिल्मवर आणि खालचं दुसरीवर असल्याने डॉक्टरांना कोन मोजताच आला नाही, पुन्हा काढावा लागला, म्हणजे रेडिएशन डबल. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा, "स्कोलिओसिससाठी उभ्याने होल स्पाइन निघतो का, स्टिचिंग आहे का?" समोरच्याला प्रश्न कळला नाही तर दुसरं सेंटर बघा.

उभ्यानेच काढायचा. झोपल्यावर शरीराचं वजन कण्यावर येत नाही आणि कर्व्ह कमी दिसतो. झोपून काढलेल्या एक्स-रेवरून "सुधारलं" असं कोणी म्हणालं तर तो कसा काढलाय ते आधी विचारा.

लॅटरल म्हणजे बाजूने, आणि पीए म्हणजे छाती प्लेटकडे आणि पाठ मशीनकडे. मुलींसाठी हे फार महत्त्वाचं आहे. असं उभं केलं की किरण पाठीतून शिरतात आणि छातीपर्यंत पोचेपर्यंत बरेचसे शोषले जातात, त्यामुळे स्तनांना जाणारा डोस खूप कमी होतो. याचं कारण माहीत असावं. अमेरिकेत २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १९१२ ते १९६५ या काळात पाठीच्या बाकासाठी उपचार घेतलेल्या ५,५७३ स्त्रियांचा. त्यांचे सरासरी जवळपास २५ एक्स-रे झालेले होते आणि ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त निघालं. घाबरू नका, तेव्हाच्या मशीनचा डोस आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होता आणि बहुतेक एक्स-रे समोरून काढायचे. पण म्हणूनच आज पीए काढा, गरज असेल तेव्हाच काढा, आणि शक्य तिथे कमी डोसचं मशीन वापरा असं सांगतात.

आत जाण्याआधी या गोष्टी बघून घ्या: केस वर बांधलेले, गळ्यात-कमरेत काही नाही, मेटलचे हूक असलेली ब्रा नाही, बूट-चपला काढलेल्या, गुडघे सरळ. लॅटरलच्या वेळी हात खाली लोंबत ठेवले तर ते मणक्यांवर येतात, म्हणून कोपर दुमडून मुठी गळ्याच्या हाडाजवळ ठेवायला सांगतात. खाली कमरेच्या हाडाची वरची कड फोटोत आलीच पाहिजे, कारण त्या कडेवरून रिसर ग्रेड काढतात, ० ते ५, आणि हाडांची वाढ किती बाकी आहे ते त्यावरून कळतं. काही डॉक्टर हाताच्या पंजाचा एक्स-रेही सांगतात, तोही वाढीसाठीच, त्याचा डोस अगदी नगण्य असतो. पाय लहान-मोठे असतील आणि पायाखाली ठोकळा दिला असेल तर तो किती जाडीचा होता ते फिल्मवर लिहून घ्या. आणि मुलीला मुद्दाम "सरळ उभी रहा गं" असं म्हणू नका. नेहमी जशी उभी राहते तसंच हवं.

४. रिपोर्ट वाचायला शिका

चांगल्या रिपोर्टमध्ये नुसतं "स्कोलिओसिस दिसतोय" एवढं नसतं. कर्व्ह कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत, बाहेरचा फुगवटा कुठल्या बाजूला, किती डिग्री, आणि रिसर किती हे हवं. समजा टी ५ ते टी ११ (छातीच्या भागातला वरून पाचवा ते अकरावा मणका), उजवीकडे, ३२ डिग्री. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी टी ६ ते टी १२ धरून मोजलं तर आकडा बदलेल आणि कण्यात काहीच बदललेलं नसेल. त्यामुळे दर वेळी तेच मणके धरून मोजलंय का ते बघा.

आणि हे कृपया लक्षात ठेवा, कॉब मोजण्यात ५ डिग्रीपर्यंत इकडे-तिकडे होतंच. तोच एक्स-रे दोन डॉक्टरांनी मोजला तरी होतं. २८ चे ३१ झाले म्हणून रात्रभर रडायचं नाही आणि ३१ चे २८ झाले म्हणून ब्रेस काढून ठेवायचा नाही. सहा महिन्यांत ५ पेक्षा जास्त फरक पडला, तर तो डॉक्टर गंभीरपणे घेतात. शक्यतो तेच सेंटर, साधारण दिवसाची तीच वेळ, आणि मोजणारे तेच डॉक्टर, एवढं सांभाळलं तर तुलना खरी होते.

अजून एक गफलत. स्पाइनचे डॉक्टर बऱ्याचदा फिल्म अशी लावतात की आपण मुलीला मागून बघतोय, तर रेडिओलॉजिस्टकडे ती समोरून बघितल्यासारखी लावायची पद्धत आहे. त्यामुळे एकाच फिल्मवर कर्व्ह एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे दिसू शकतो. फिल्मच्या कोपऱ्यात आर किंवा एल असं अक्षर असतं, ते कुठे आहे ते बघा म्हणजे घोळ होत नाही. हे पुढे ब्रेस बनवताना जिवावरचं आहे, कारण दाब चुकीच्या बाजूला आला तर काय होईल ते सांगायला नको.

५. ईओएस मिळत असेल तर

ईओएस हे फ्रान्समध्ये तयार झालेलं एक्स-रेचंच मशीन आहे. त्याच्या मुळाशी जॉर्ज शार्पाक यांचं किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवरचं काम आहे, त्याच कामासाठी त्यांना १९९२ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. मुलगी एका उघड्या केबिनमध्ये उभी राहते, काटकोनात बसवलेल्या दोन बारीक किरणांच्या पट्ट्या वरून खाली सरकतात आणि समोरचा व बाजूचा असे दोन्ही फोटो एकाच वेळी निघतात. उंचीप्रमाणे दहा ते वीस-पंचवीस सेकंद लागतात. डोस साध्या एक्स-रेपेक्षा बराच कमी असतो, आणि नुसत्या फॉलो-अपसाठी त्याहून कमी डोसचं मायक्रोडोस सेटिंग आहे.

दोन्ही फोटो एकाच क्षणी, एकाच उभं राहण्यात निघाल्यामुळे सॉफ्टवेअर त्यावरून कण्याचं थ्रीडी मॉडेल बनवू शकतं, प्रत्येक मणका किती फिरलाय ते डिग्रीत देतं. उभ्या माणसाच्या हाडांचं असं मॉडेल सीटीतून मिळत नाही कारण सीटीला झोपावं लागतं.

पण इथे एक ट्रॅप आहे. थ्रीडी मॉडेल आपोआप निघत नाही, प्रशिक्षित माणसाला बसून मणक्यांवर खुणा कराव्या लागतात, वेळ लागतो, आणि सगळीकडे ते करून देत नाहीत. तुम्ही ईओएसचे जास्तीचे पैसे भरून येता आणि हातात फक्त दोन फोटो मिळतात. आधीच विचारा, "थ्रीडी रिकन्स्ट्रक्शनचा रिपोर्ट देता का, त्याचे वेगळे चार्जेस आहेत का, आणि आमच्या डॉक्टरांना तो हवा आहे का?" तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. २० डिग्रीच्या कर्व्हला, जिथे फक्त वाढतोय की नाही बघायचंय, तिथे कमी डोसचे दोन फोटो पुरतात. सर्जरीचं प्लॅनिंग असेल तर मात्र मणक्यांच्या फिरण्याची माहिती डॉक्टरांच्या उपयोगी पडते.

आपल्याकडे ही मशीन अजून मोजक्या मोठ्या शहरांत आहेत. त्यासाठी मुलीची शाळा बुडवून दर वेळी लांबचा प्रवास करण्यापेक्षा गावाजवळ चांगला डिजिटल पीए एक्स-रे होत असेल तर तो वाईट नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांना मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये ईओएस बऱ्याचदा सहज मिळतं, तिथे असाल तर जरूर विचारा.

मुलीला आधी सांगून ठेवा, हलायचं नाही. मशीन वरून खाली येत असतं, मधेच हललं तर फोटोत कणा लाटेसारखा दिसतो आणि परत काढावा लागतो. घरी वीस सेकंद पुतळा बनून उभं राहायची प्रॅक्टिस करून घ्या, लहान मुलांना तर मजाच वाटते.

६. पाठीचं थ्रीडी स्कॅन, म्हणजे सरफेस टोपोग्राफी

याच्यात एक्स-रे अजिबात नाही, फक्त प्रकाश आणि कॅमेरा. सुरुवात तशी जुनी आहे, १९७० मध्ये जपानच्या ताकासाकी यांनी मोआरे पद्धत दाखवली, तिच्यात अंगावर सावलीच्या रेषा उमटतात, नकाशात डोंगराची उंची दाखवायला असतात तशा, आणि जपानमध्ये शाळांच्या तपासणीत ती वापरली गेली. नंतर ऑक्सफर्डमध्ये आयसिस नावाची यंत्रणा आणि जर्मनीत रास्टरस्टिरिओग्राफी नावाची पद्धत आली. आता काही मोठ्या फिजिओ आणि स्पाइन क्लिनिकमध्ये दिसतं ते फॉर्मेट्रिक मशीन त्या जर्मन पद्धतीवरचं आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे मुलींना आधी समजावता येईल. खोलीत अंधार करतात. मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून, ठरलेल्या खुणेवर अनवाणी उभी राहते, पाठ पूर्ण उघडी आणि पँट कमरेच्या थोडी खाली, कारण मशीनला कमरेखालचे दोन खळगे आणि मानेच्या तळाशी हाताला लागणारा तो वर आलेला मणका दिसावा लागतो, त्या खुणांवरूनच सगळं मोजमाप सुरू होतं. मग पाठीवर आडव्या प्रकाशाच्या पट्ट्या पडतात. सपाट भागावर पट्टी सरळ दिसते, उंचवटा आला की वाकते. कॅमेरा त्या वाकण्यावरून प्रत्येक बिंदूची खोली काढतो आणि काही सेकंदांत स्क्रीनवर रंगीत पाठ फिरायला लागते. माझ्या मुलीने स्वतःची पाठ पहिल्यांदा अशी नीट बघितली आणि उंचवटा नेमका कुठे आहे हे तिला कळलं, त्यानंतर फिजिओचे श्वासाचे व्यायाम ती समजून करायला लागली. मला तरी या स्कॅनचा हा फायदा फार मोठा वाटतो.

रिपोर्टमध्ये धड एका बाजूला किती कललंय, कंबरेची एक बाजू किती वर, पाठ किती फिरलीय, बाजूने बाक किती असं सगळं येतं. काही मशीन "स्कोलिओसिस अँगल" पण छापतात. हा आकडा कातडीच्या आकारावरून काढलेला अंदाज असतो, हाड कोणी बघितलेलं नसतं. तो कॉब अँगल नाही. एक्स-रेत ३० आणि स्कॅनमध्ये २३ आलं म्हणजे ७ डिग्री कमी झाले असं अजिबात नाही. "आमच्या थेरपीने इतके डिग्री कमी" असं सांगताना आधीचा आकडा एक्स-रेचा आणि नंतरचा स्कॅनचा घेतलाय असं दिसलं तर तिथून निघा.

मग उपयोग काय? त्याच मशीनवर, त्याच उभं राहण्यात, आधीच्या स्कॅनशी तुलना. सौम्य कर्व्हमध्ये दोन एक्स-रेंच्या मधल्या काळात स्कॅन करून फार बदल दिसला नाही तर काही डॉक्टर एक्स-रे पुढे ढकलतात, आणि बदल दिसला तर लवकर काढतात. हा निर्णय डॉक्टरांचाच. वजन जास्त असेल, पाठीवर केस मोकळे असतील, तेल किंवा क्रीम लावलेलं असेल तर स्कॅन नीट येत नाही, त्या दिवशी काही लावू नका.

आणि हे वयात येणाऱ्या मुलींचं वय आहे. आतमध्ये बाई टेक्निशियन हवी, आई सोबत हवी, मागून उघडणारा गाऊन हवा, हे बेधडक मागा. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

७. एमआरआय आणि सीटी, सगळ्यांना लागत नाही

एमआरआयने कोन मोजत नाहीत, त्यात झोपावं लागतं. तो मज्जारज्जू बघायला असतो. कर्व्ह १० वर्षांच्या आधी सुरू झाला, छातीच्या भागातला कर्व्ह डावीकडे आहे, फार वेगाने वाढतोय, रात्रीची झोप मोडेल इतकं दुखतं, किंवा डॉक्टरांना रिफ्लेक्समध्ये काही वेगळं वाटलं, तर एमआरआय सांगतात. रेडिएशन नाही, पण आवाज खूप आणि बराच वेळ न हलता पडून राहायचं. कवटी आणि मानेचा जोड त्यात घेतलाय ना ते बघा, कारण काही वेळा मूळ तिथेच सापडतं.

सीटीत हाडं सुंदर दिसतात, थ्रीडी मॉडेलही छान निघतं, पण डोस जास्त. जन्मतः मणक्याची घडण वेगळी असेल किंवा सर्जरीत स्क्रू बसवायचं प्लॅनिंग असेल तिथे तो लागतो. नुसतं "किती वाढलंय बघू" यासाठी कोणी सीटी लिहिला तर दुसरं मत घ्या, हे मी ठामपणे सांगते.

८. ब्रेससाठीचं स्कॅन

पूर्वी अंगाला प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचे, अजूनही घेतात आणि हाताने काम करणारे उत्तम ऑर्थोटिस्ट आहेत. आता बऱ्याच ठिकाणी हातातला स्कॅनर किंवा टॅबला लावलेला सेन्सर असतो. अंगावर घट्ट होजिअरी, त्यावर ऑर्थोटिस्ट कमरेच्या हाडांवर, काखेखाली, बरगड्यांच्या कडेला पेनाने खुणा करतो, मुलगी हात थोडे बाजूला धरून स्थिर उभी राहते आणि तो तिच्याभोवती एक फेरी मारतो. झालं. मग कॉम्प्युटरवर त्या धडात दाब कुठे द्यायचा आणि त्याच्या विरुद्ध बाजूला जागा कुठे मोकळी सोडायची ते बदल करतात, त्यावरून फोमचा साचा कापला जातो आणि गरम प्लास्टिक त्यावर ओढून ब्रेस बनतो.

लोकांना वाटतं स्कॅन थ्रीडी म्हणजे ब्रेस आपोआप परफेक्ट. नाही. स्कॅन फक्त बाहेरचं माप देतो, दाब कुठे द्यायचा हे एक्स-रे बघून माणूसच ठरवतो. स्कॅनच्या वेळी ऑर्थोटिस्टसमोर ताजा एक्स-रे नसेल तर स्कॅन होऊच देऊ नका. फोनवर स्वतःच स्कॅन करून पाठवा, कुरिअरने ब्रेस येईल, असल्या ऑफरपासून लांब राहा.

ब्रेस आल्यावर, अंगाला सरावला की साधारण महिन्या-दीड महिन्यात ब्रेस घालूनच एक एक्स-रे काढतात. आत कोन किती कमी झाला ते त्यात दिसतं, निम्म्यावर आला तर छान समजतात. फारच थोडा फरक दिसला तर पॅड बदलून घ्या, लाजू नका. पुढच्या नेहमीच्या एक्स-रेला ब्रेस किती तास आधी काढायचा ते डॉक्टरांना विचारा आणि दर वेळी तेवढेच तास पाळा, एकदा काढल्या काढल्या आणि एकदा दोन दिवसांनी असं केलं तर तुलनेला अर्थ राहत नाही.

ब्रेस खरंच चालतो का, असं सगळे विचारतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ट्रायलचे निकाल २०१३ मध्ये आले, ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा कर्व्ह वाढ संपेपर्यंत ५० च्या खाली राहिला, न घातलेल्यांत ४८ टक्के. आणि जी मुलं दिवसाला तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त घालत होती त्यांच्यात यश ९० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे स्कॅनर कुठला यापेक्षा ब्रेस रोज किती तास अंगावर राहतो याने जास्त फरक पडतो, त्यामुळे उन्हाळ्यात पातळ सुती बनियन, घरात पंखा, शाळेत वर्गशिक्षकांशी बोलणं यावर तुमची शक्ती लावा.

९. सोबत काय न्यायचं आणि काय जपून ठेवायचं

- आधीचे सगळे केसपेपर आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- सगळे जुने एक्स-रे, सीडी किंवा पेन ड्राइव्हवर, डायकॉम फाइलमध्ये (मशीनची मूळ फाइल)
- घरच्या नोंदीची वही, त्यात उंची, पाळीची तारीख, स्कोलिओमीटरचे आकडे
- ब्रेस असेल तर ब्रेस
- मुलीचं आणि तुमचं आधार कार्ड, रेशन कार्ड, मेडिक्लेम असेल तर त्याचं कार्ड
- केसांचं रबर, मेटल नसलेले कपडे, सुती बनियन

डायकॉमचं जरा नीट सांगते. सेंटरवाले व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात आणि आपण खूश होतो. त्या फोटोवर कोन बरोबर मोजता येत नाही, क्वालिटी जाते, कधी फोटो तिरका असतो. मूळ फाइल मागायचीच, घरी येऊन दुसऱ्या जागी कॉपी करायची, आणि फाइलच्या नावात तारीख आणि ब्रेससह की ब्रेसविना ते लिहायचं.

पैशाचं म्हणाल तर एकाच शहरात दोन सेंटरच्या दरात खूप फरक असतो, चार ठिकाणी फोन करा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथे ऑर्थोटिक्सचा विभाग आहे, ब्रेसचा खर्च झेपत नसेल तर तिथे चौकशी करा. सर्जरी सांगितली असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (सरकारी योजनेचा मदतनीस) रेशन कार्ड घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं नेमकं ऑपरेशन बसतं का ते अॅडमिट होण्याआधी विचारा. नंतर विचारलं तर फार धावपळ होते.

शेवटचं म्हणजे मुलीच्या धडाच्या त्या थ्रीडी फाइलबद्दल. स्कॅन टॅबवर झालेला असतो, बनवायला दुसऱ्या शहरात पाठवतात, मधे तो कोणाकोणाच्या फोनवर फिरतो कोणाला माहीत. स्कॅनच्या आधी तीन गोष्टी विचारा: फाइल कुठे ठेवता, कोणाला पाठवता, ब्रेस झाल्यावर डिलीट करणार का. चेहरा फ्रेममध्ये येऊ देऊ नका, त्याची गरज नसते. जाहिरातीसाठी आधी-नंतरचे फोटो वापरायची परवानगी बऱ्याचदा फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात असते, ती ओळ खोडून मग सही करा, आणि सही केलेल्या फॉर्मचा फोटो स्वतःकडे ठेवा.